आणखी खोल

"पुन्हा कापावर रेघ! पातं बदलत नाहीस का गं तू?" सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

ताई ट्रे धरून त्यांच्या कोपराशीच उभी होती. "सकाळीच बदललं, मॅडम."

"मग मेण नीट गार झालं नसेल. आणखी खोल काप. एकच."

ताईच्या पात्याला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. तरी तिने मेणाचा ठोकळा उचलून पुन्हा बर्फावर ठेवला आणि उगाचच काचा पुसत बसली. पुसलेल्याच काचा.

तांबूस मेणात तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा. धाकट्या बहिणीच्या काखेतल्या गाठीचा. त्या खोलीत एक नियम सगळे पाळत: घरच्या माणसाचा ठोकळा आपण कापायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. हात हलला की काप फाटतो. पण लेबलावर धाकटीचं सासरचं आडनाव होतं. ताईने ठोकळा मुकाट्याने आपल्याकडे ओढला. डॉक्टरीणबाईंनीच धाकटीसाठी सर्जनना फोन केला होता, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतंच. त्यांनीही मूग गिळले.

काखेपर्यंत 'ते' पोचलं असेल तर आधी औषधं, नसेल तर थेट ऑपरेशन. रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही नाही. घरात सगळे 'ते'च म्हणत. आईला तर तेवढंही सांगितलेलं नव्हतं.

फोन थरथरला. ताई खिडकीशी गेली.

"काय गं, तुमच्याकडे कापतायत की शिवतायत?" धाकटी.

"पातं खराब निघालं."

"तुझं? मग जग बुडालंच म्हणायचं! सर्जन विचारतायत, मी सांगितलं, सख्खी बहीणच खोडा घालून बसलीय." ती हसली. हसू मध्येच आटलं. "ताई, आज केस विंचरताना हात वर जाईना. परवापर्यंत जात होता."

"झोपताना अंगाखाली आला असेल."

"हो, असेल."

ताईने फोन ठेवला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग काप काढायच्या मायक्रोटोमशी बसून चाक फिरवलं. पात्याखालून मेणाची पातळ फीत सरकत आली. कोमट पाण्यावर तरंगवली तेव्हा दिसलं, मधला ठिपका आता पार विरळ झाला होता. कडेला नुसतंच मेण.

काप काचेवर घेतला, वाळवला, रंगवला. काच घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. "अजून एक—"

त्या सूक्ष्मदर्शकाला समोरून दुसरी जोडभिंगं होती, शिकायला येणाऱ्यांसाठी. ताईने स्टूल ओढलं आणि बसली.

"आपल्या माणसाचं बघायचं नसतं गं."

"कापायचंही नसतं, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात एक हिरवा बाण सरकू लागला.

"हे गडद, धसमुसळे घोळके दिसतात? ते परके झालेले. आणि त्यांच्याभोवती या लांबट, निमुळत्या पेशी? या आपल्याच. शेजारणी."

"त्या काय करतायत?"

"त्यांना वाटतं, जखम झालीय. म्हणून धावतात. धागे विणतात, नवीन रक्तवाहिन्या बोलावून घेतात. गाठीतल्या पहारेकरी पेशींनाही म्हणतात, जा, इथे काही नाही. मनात वाईट नसतं बिचाऱ्यांच्या. भरून काढायला बघतात."

"आणि हे घोळके?"

"त्यांनी विणलेल्या वाटेनेच पुढे सरकतात."

बाण थांबला. ताईने भिंगांवरचे डोळे काढले नाहीत.

"पहिल्या कापातही होतं हे?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि ॲप्रनला पुसायला घेतला. पुसतच राहिल्या.

"तू समोर बसून कापत होतीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पुढच्यात नसलं तर..."

"मलाही तेच वाटत होतं. पुढच्यात नसलं तर."

आतल्या खोलीत कुठल्याशा यंत्राचं झाकण खाडकन मिटलं. दोघी दचकल्या, मग दचकल्याचं एकमेकींना हसू आलं आणि ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"लिहा मॅडम," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. ताई खिडकीशी गेली नाही. तिथेच, त्यांच्यासमोर, तिने फोन लावला.

"आला का?" धाकटीने पहिल्याच रिंगला उचलला. "ए, गप्प का? पुन्हा पातं का?"

"धाकटे, नीट ऐक. बसलीयेस ना? कॅन्सर काखेपर्यंत आलाय."