रिजेक्टचा नळ

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या आरओ प्लँटची किल्ली माझ्याकडे असते. निवृत्त माणसाला एवढा एकच मान उरतो, तो मी सुखासुखी सोडणार नाही. पण बोअरच्या पाण्यातले क्षार बसून वर्षात पाणी गाळणारी दोन मेंब्रेन गेली. सेक्रेटरी यतीनभाईंनी नोटीस लावली: तिसरं गेलं तर किल्ली कंत्राटदाराला.

मेकॅनिक रोशनने खराब मेंब्रेन दाखवलं. चहाच्या टोपाला धरतो तसा पांढरा थर.

"क्षार धरू नयेत म्हणून औषध रोज घालतो मी!"

"दाजी, अकेली दवाई क्या करेगी? रिजेक्टचा, म्हणजे खारं पाणी बाहेर सोडायचा नळ कोणीतरी आवळतंय. क्षार त्या पाण्यातूनच बाहेर जातात ना? ते अडवलं की आतच चिकटणार."

त्याने नळावर लाल खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण सरकलेली. किल्ली एकच, तीही माझ्या घरातल्या खुंटीवर. तरी मी अक्कलवंताने झापलं कोणाला, तर वॉचमन बबनला!

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मीटरबॉक्समागे दबा धरून बसलो. दार उघडून आत शिरली माझीच बायको सुगंधा. पदर खोचून नळ आवळायला लागली.

"तू?"

"मग काय करू? भडाभडा पाणी गटारात जातंय. राजापूरला एका हंड्यासाठी डोंगर उतरायचे मी. बघवत नाय मला."

तो डोंगर मला माहीत होता. लग्नानंतर दोन वर्षं ती तो उतरत होती आणि मी इथे नळाखाली आंघोळ करत होतो. फार लाज वाटली.

बबनची माफी मागितली. रिजेक्टचं पाणी गटाराऐवजी एका टाकीत सोडलं आणि टाकी सुगंधाच्या ताब्यात दिली. त्या पाण्याने ती हौसेने जिने धुवायला लागली. सहा महिने थर नाही. यतीनभाईंनी नोटीस फळ्यावरून उतरवली.

गेल्या सोमवारी प्यायच्या पाण्याचा ठणठणाट. सगळे माझ्या नावाने ओरडतायत. धावत खाली गेलो, तर लाल खूण पार उलट्या बाजूला, रिजेक्टचा नळ सताड उघडा. शेजारी बादली घेऊन सुगंधा.

"तिसऱ्या जिन्याला पाणी पुरत नव्हतं," ती म्हणाली.

मी किल्ली करगोट्याला बांधली.

"किल्ली तुमची ना?" तिने बादली माझ्या पायाशी ठेवली. "मग ही पण तुमची."

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. तिन्ही जिने मी धुतो.