डाळ कुणी सांडली

हेमराज पाटील विमानाने दिल्लीला जाणार, ही बातमी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्याच्या चाळीत आठवडाभर आधीच पसरली होती. हेमराज कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होता. मूळचा अमळनेरकडचा, पण सुरतेत येऊन पंधरा वर्षं झालेली. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने साड्यांच्या रंगाबद्दल कुरकुर केली होती आणि मिलचे मालक धनसुखशेठ त्याला म्हणाले होते, "मास्तर, तू पण चल. समोरासमोर बोलून टाकू. विमानाने जाऊ."

चाळीत तोवर कुणी विमानात पाय ठेवलेला नव्हता. बायकोने, नूतनने, त्याच्यासाठी क्रीम रंगाची नवी पँट शिवून घेतली. दहावीतल्या गायत्रीने बजावलं, "पप्पा, जेवायला काय काय देतात ते नीट बघून या. मला सगळं सांगायचं."

सकाळच्या गाडीने दोघे मुंबईला गेले आणि दुपारी विमानात बसले. शेठना खिडकीची जागा मिळाली, हेमराजला बरोबर त्यांच्या मागची. विमान वर चढलं तेव्हा हेमराजने खुर्चीचे हात घट्ट धरले, पण थोड्या वेळाने भीती गेली. ढग खाली पाहून त्याला हसूच आलं. हे गायत्रीला कसं सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

तेवढ्यात शेठनी बटण दाबलं आणि त्यांची खुर्ची एकदम मागे आली, थेट हेमराजच्या छातीपर्यंत. तो जरा दचकला. मग त्याला वाटलं, असंच असेल इथे, थकलेत शेठ.

जेवणाची गाडी आली. हेमराजच्या शेजारी एक वयस्कर पंजाबी बाई बसल्या होत्या. त्यांचं बघून त्याने समोरचं टेबल उघडलं, तर ते पोटाला घासून अर्धवट तिरकंच राहिलं. शेजारी एक वयस्कर पंजाबी बाई बसल्या होत्या. बाईंच्या पुढच्या माणसाने गाडी दिसताच, कुणी न सांगता, आपली खुर्ची सरळ केली होती. हेमराजने ते पाहिलं. म्हणजे इथली रीत ही आहे तर, त्याच्या ध्यानात आलं. मागचा जेवत असेल तर पुढच्याने सरळ बसायचं.

हवाई सुंदरीनेही ते पाहिलं. ती शेठकडे वाकून हिंदीत म्हणाली, "सर, जेवण होईपर्यंत सीट सरळ कराल का?"

"मला जेवायचं नाही. आज अगियारस आहे माझी, एकादशीचा उपास."

"पण सर, मागचे गृहस्थ जेवताहेत."

शेठनी डोळेही उघडले नाहीत. "ए तो मारो माणस छे," ते म्हणाले. "एने चालशे."

हा माझा माणूस, याला चालेल, हे गुजराती तिला कळलं की नाही कोण जाणे. पण तिने हेमराजकडे पाहिलं आणि ती थांबली. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश होता. हेमराज हसला. मान हलवून त्याने तिला सांगितलं की चालेल. ती ट्रे ठेवून पुढे गेली.

ट्रेमध्ये भात होता, पनीर होतं, चांदीच्या कागदाखाली वाफाळती काळी डाळ होती, आणि एक गुलाबजाम. हेमराज खांदे आवळून, कोपर पोटाशी धरून जेवायला लागला. घास तोंडापर्यंत न्यायलासुद्धा जागा नव्हती. मान वाकवली की शेठच्या केसांतल्या तेलाचा वास यायचा. दोन घास कसेबसे गेले असतील, शेठनी झोपेत कूस बदलली, खुर्चीला मागे रेटा बसला आणि डाळीची वाटी हेमराजच्या मांडीवर उपडी झाली.

डाळ गरम होती. त्याच्या तोंडून "आई गं" निघालं.

"शुं थयुं?" शेठनी विचारलं. खुर्ची होती तिथेच होती.

"काही नाही शेठ."

शेजारच्या बाईंनी आपला कागदी रुमाल पुढे केला. "भाईसाब, आप बोलते क्यों नहीं?"

"मेरे सेठ हैं," हेमराज म्हणाला.

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे तोंड फिरवलं. मांडी भाजली त्यापेक्षा ते तोंड फिरवणं त्याला जास्त लागलं.

दिल्लीत तो संध्याकाळभर हातातली बॅग पुढे धरून हिंडला. व्यापाऱ्याच्या पेढीवर शेठ गादीवर बसले, हेमराज डाग झाकत उभा राहिला. बोलणी शेठनीच केली आणि काम झालं. शेठना दिल्लीत आणखी दोन दिवस थांबायचं होतं, त्यांनी हेमराजला रेल्वेने परत पाठवलं.

घरी पोचला तेव्हा खोलीत शेजारपाजारची माणसं जमलेली होती. नूतनचा भाऊ निंबा लूमची पाळी बदलून आला होता. हेमराजने ढगांचं सांगितलं, विमानतळाचं सांगितलं. गायत्रीने विचारलं, "आणि जेवायला?"

"चांगलं होतं," एवढंच तो म्हणाला.

माणसं गेल्यावर नूतनने पँट धुवायला काढली आणि डाग तिच्यासमोर आला. मग त्याला सगळं सांगावं लागलं. आधी ती हसली. मग तो शेठचं वाक्य बोलला आणि तिचं हसू थांबलं.

"मना मानूस शे, म्हने!" ती अहिराणीत उसळली. "काय पैसा देईसन इकत लेयेल शे का तुमले? जेवणाऱ्या माणसाला कुणी असं दाबतं? दारी आलेल्या कुत्र्यालाही जेवताना आपण हाकलत नाही. आणि तुम्ही बोलनात का नही?"

"काय बोलू? मालक आहे."

"मालक मिलमा! ताटावर कसाना मालक?"

त्या रात्रीपासून हेमराजच्या डोक्यातून ते जाईना. उपास शेठचा, आणि उपाशी राहिलो मी. बरं, त्या परक्या मुलीने माझ्यासाठी शब्द टाकला, आणि ज्याच्यासाठी मी पंधरा वर्षं वाफेत उभा राहिलो त्याने डोळासुद्धा उघडला नाही! आणि वर आपण हसलो. ते हसणं आठवलं की त्याला स्वतःचाही राग यायचा.

एवढ्यावर ते निवळलंही असतं. पण शेठ परत आल्यावर हेमराज कापडाचे नमुने घेऊन ऑफिसच्या दाराशी गेला, तेव्हा आत चहा चालला होता. मॅनेजर दीपक होता, दोन दलाल होते, आणि शेठ रंगात येऊन सांगत होते.

"आपला मास्तर! पहिल्यांदा विमानात बसला. दाल खाता येईना, सगळी मांडीवर! नवी पँट, आणि मोठा डाग. दिल्लीभर बॅग पुढे धरून चालतोय!"

सगळे हसले. दीपकही हसला. शेठनी दारात हेमराजला पाहिलं. "ये मास्तर, तुझीच गोष्ट चाललीय. सांग, कशी सांडली दाल?"

हेमराजने नमुने टेबलावर ठेवले. त्याने आवाज चढवला नाही.

"डाळ मी नाही सांडली, शेठ. तुम्ही सांडली."

एका दलालाने कप खाली ठेवला.

"तुमची खुर्ची माझ्या ताटावर आली होती. त्या मुलीने तुम्हाला सरळ करायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हा माझा माणूस आहे, याला चालेल. मला नाही चाललं. गरम डाळ होती. मांडी भाजली माझी. इथं वाफेने हात भाजतात, ते काम आहे, त्याचं मी कधी बोललो नाही. पण मी जेवत होतो, शेठ."

"अरे, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तेव्हा सांगायला हवं होतं, खरं आहे. म्हणून आता सांगतोय. आणि ही गोष्ट सांगायचीच असेल तर पुरी सांगा."

कुणी हसलं नाही. शेठचं तोंड लाल झालं. त्यांनी नमुने ओढून घेतले, न बघताच बाजूला सारले आणि म्हणाले, "जा, काम कर."

पुढचे कित्येक दिवस शेठ त्याच्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर दीपकमार्फत सांगत. हेमराजला वाटलं, आता काढून टाकतील. नूतन म्हणाली, "काढू दे. पांडेसरामा मिला काय कमी शेत?" काढलं मात्र नाही. ती गोष्ट मिलमध्ये पुन्हा कुणी ऐकली नाही, एवढं खरं.

दिवाळीनंतर दिल्लीला पुन्हा जायचं निघालं. या वेळी शेठ दीपकला घेऊन गेले. परत आल्यावर दीपक हेमराजकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, मी शेठच्या मागेच होतो. खुर्ची मागे करायच्या आधी वळून विचारलं त्यांनी. तुझं जेवण झालं का, म्हणून. माझा गुलाबजाम राहिला होता, तर थांबले."

हेमराजने संध्याकाळी ते नूतनला सांगितलं. ती खूश झाली. तिने त्याच्या ताटात वांग्याचं भरीत वाढलं.

"बघा, शिकना ना तो! मग आते तरी गया का तुमना राग?"

"दीपकला विचारलं त्याने," हेमराज म्हणाला. "मला अजून एका शब्दाने बोलला नाही. चुकलं, एवढंही नाही."

"म्हणजे राग गया नही?"

"नही," हेमराज म्हणाला, आणि त्याने आणखी एक भाकरी मागितली.