उलट फिरलेला त्रिकोण

“बाबा, त्रिकोण घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवायचा,” स्वयंपाकघरातील मेजावर बोट फिरवीत लेक म्हणाली. “माथ्यावरचं अक्षर उजव्या कोपऱ्यात यायला हवं. तुम्ही परत डावीकडे नेलंत.”

“हात आपसूक तिकडेच जातो गं,” शिक्केवाले ओशाळून म्हणाले.

रबरी शिक्के कोरण्यात ज्यांचे उभे आयुष्य व्यतीत झाले, त्या गृहस्थांना सारे जग उलटे पाहण्याची सवय जडली होती. अक्षर शिक्क्यावर उलटे कोरावे, तेव्हाच ते कागदावर सुलटे उमटते. कारखान्याच्या तळघरातील त्या खिडकीविना खोलीत तापलेल्या रबराचा धूर त्यांच्या छातीत बिऱ्हाड करून बसला होता. “ती खोली सोडा,” असे डॉक्टरांनी निक्षून बजावले होते. परंतु सोडून जावे कोठे? या वयात दुसरे कोण दारात उभे करणार? मार्ग एकच होता: वरच्या मजल्यावरील संगणक विभागाची परीक्षा. म्हणून ते लेकीपाशी संगणकाला आज्ञा लिहिण्याची विद्या शिकत होते.

“शिंगं मोडून वासरात शिरलेत,” बायको भांडी घासता घासता म्हणाली. पण उठून दिवा मात्र तिनेच त्यांच्याजवळ सरकवला.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. अक्षरे त्रिकोणात रचलेली होती. तो त्रिकोण घड्याळाच्या दिशेने एक कोपरा पुढे फिरवायचा होता. शिक्केवाल्यांनी एकेक आज्ञा जपून लिहिली. पडद्यावर सगळी अक्षरे शिस्तीत नव्या जागी जाऊन बसली. एकही सांडले नाही. त्यांना धन्यता वाटली.

परीक्षक वयाने त्यांच्या लेकीएवढी होती. तिने पडदा पाहिला आणि ती हळू आवाजात म्हणाली, “काका, छान फिरलाय. पण उलटा फिरलाय.”

शिक्केवाल्यांनी पुन्हा निरखून पाहिले. माथ्यावरचे अक्षर डाव्या कोपऱ्यात बसले होते.

“आणखी एकदा असाच फिरू द्या, बाई. तीनच तर कोपरे. दोनदा उलटा गेला की आपोआप बरोबर जागी येतो.”

“येतो, काका. अगदी खरं आहे. पण उत्तर यंत्र तपासतं, आणि ते एकदाच बघतं. आणि वेळ संपल्यावर मलाही त्याला हात लावता येत नाही.”

“असू दे, बाई. तुमचा काय दोष?” असे म्हणून त्यांनी खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि ते जिना उतरले.

तळघरात जोडीदार भट्टीतून साचा काढीत होता. “या साहेब! वरची हवा मानवली नाही वाटतं?”

शिक्केवाले हसले. हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना. दाराजवळचे, कमी धुराच्या जागेचे स्वतःचे स्टूल रिकामे सोडून जोडीदाराने शिक्केवाल्यांचे भट्टीलगतचे स्टूल ओढले आणि त्यावर बसून, पाठ फिरवून तो कामाला लागला.

शिक्केवाले क्षणभर घुटमळले. मग एप्रनची गाठ मारून ते दाराजवळ बसले.