बत्तीस खिळे आणि जांभळी पट्टी

नॉर्बर्ट माझा थोरला. चौपन्न वर्षांचा घोडा झाला, पण त्या रविवारी त्याने जे केलं ते चार वर्षांच्या पोरानेही केलं नसतं. मी चर्चला गेले ते बघून हा गॅरेजमध्ये शिरला आणि टीमच्या बत्तीसच्या बत्तीस पट्ट्या एकट्याने खिळ्यांच्या फळ्यावर टांगून मोकळा झाला. कोणाला विचारणं नाही, कोणाशी भांडणं नाही. कॉम्प्युटरवरून कुठल्या तरी तज्ज्ञांची यादी छापून आणली होती. ती हातात धरून एक ते बत्तीस लावल्या. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

आमच्या घरात हा प्रकार एकसष्ट सालापासून चालू आहे. त्या वर्षी आर्मांडने, माझ्या नवऱ्याने, छपराला देवदाराच्या फळ्या घातल्या. चौदा तुकडे उरले. तेव्हा आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये टीमही चौदाच होत्या. कागदगिरणीतून पाळी करून आला की पायरीवर बसायचा आणि एकेका तुकड्याला एकेका टीमचा रंग द्यायचा. मला वाचायचं म्हणजे कष्टच. चौथीनंतर गाईच जास्त बघितल्या, पुस्तक कमी. म्हणून त्याने अक्षरं काढलीच नाहीत. "रंगावरून ओळख," म्हणाला, "तुझ्या गाई ओळखतेस तशा." आणि मी ओळखायची. शिकागोची गडद निळी, डेट्रॉईटची फिकी निळी, आमची हिरवी-पिवळी.

टीम वाढत गेल्या, तशा पट्ट्या वाढल्या आणि खिळेही वाढले. शहात्तर साली टँपा आणि सिएटल आल्या, तेव्हा जिनेट, माझी मुलगी, त्यांना रंग द्यायला बसली आणि निम्मा रंग केसांना लावून उठली. क्लीव्हलँडवाल्यांची टीम त्यांच्या गावातून उचलून नेली, तेव्हा आर्मांडने ती तपकिरी पट्टी काढली नाही. भिंतीकडे तोंड करून टांगून ठेवली. तीन वर्षं. टीम परत आली त्या दिवशी त्याने ती सुलट केली आणि तिला म्हणाला, "ये बाई, बस."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी अंगणात बूयाचा, म्हणजे आमच्याकडच्या रश्शाचा, हंडा चढतो. कोंबडी, बैलाचं मांस, कोबी, गाजरं, बटाटे, सगळं पहाटेपासून लाकडावर रटरटत असतं, आणि वल्ह्याएवढ्या दांड्याने कोणीतरी ते ढवळत असतं. हंगाम दहा-बारा दिवसांवर आलेला असतो. अजून एक चेंडू फेकलेला नसतो, आणि आमच्याकडे कोण पहिला नि कोण शेवटचा यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावतात. बाजारात तुरी आणि आमच्या घरात मारामारी.

नियम आर्मांडचे. सुरुवात शेवटून. "पहिला कोण ते कोणीही सांगेल," तो म्हणायचा, "बत्तिसावा कोण ते सांगायला छाती लागते." बत्तीस, एकतीस, तीस असं वर चढायचं. प्रत्येक खिळ्यावर सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. आणि आपली हिरवी-पिवळी त्याच्या मांडीवर. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. आपण वर वर चढत असायचो आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष त्याच्या खुर्चीकडे. कुठल्यातरी खिळ्यापाशी तो "आता" म्हणायचा, गुडघ्यांवर हात रोवून उठायचा आणि आपली पट्टी टांगायचा. बस्स.

वाईट वर्षांत फार लवकर उठायचा. एका वर्षी चोविसाव्या खिळ्यालाच उठला. शहाण्णव साली मात्र बसून राहिला. दहा गेला, पाच गेला, तीन गेला. नॉर्बर्टच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्याला उठला. नॉर्बर्ट ओरडला, "बाबा, यंदा पहिला आपलाच!" आर्मांड म्हणाला, "ताट वाढायच्या आधी ढेकर देऊ नये." त्या हिवाळ्यात आपण जिंकलो, सगळ्या देशात पहिले आलो. नॉर्बर्टने बापाला ते मरेपर्यंत ऐकवलं.

आर्मांड गेल्या नोव्हेंबरात गेला. मी घर विकलं. ऑक्टोबरात मला जिनेटच्या फ्लॅटवर जायचंय. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला अर्ज करावा लागतो. तेव्हा फळा, पट्ट्या, खिळे सगळं नॉर्बर्टच्या गॅरेजात जायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. आणि त्याने हे असं केलं.

चर्चहून आले, टोपीही काढली नाही. एकेक पट्टी ओढून काढली, एप्रनमध्ये भरली आणि तडक अंगणात गेले. ओर्व्हिल हंडा ढवळत होता. आर्मांडचा गिरणीतला जोडीदार तो, ऐंशीचा. दोन्ही कानांनी कमी ऐकतो आणि तोंडाने जास्त बोलतो.

"बाजूला हो ओर्व्हिल. लाकडं आणलीत."

त्याने एप्रनमध्ये डोकावून बघितलं. "अगं जर्मेन, देवदार आहे तो. बूयाला वास लागेल."

"लागू दे. सगळ्यांना कळू दे आमच्याकडे काय शिजलंय ते."

नॉर्बर्ट धावत आला. मागून जिनेट. "आई! अगं काय करतेस?"

"तुझ्याकडे छापील यादी आहे ना? मग ही लाकडं कशाला हवीत? फ्रिजला चिकटव तो कागद."

"अगं, मला वाटलं... यंदा बाबा नाहीत. सगळे बसणार, खुर्ची रिकामी. तुला त्रास होईल म्हणून मी..."

"माझं नाव पुढे करू नकोस. मला पाच बाळंतपणांत त्रास झाला नाही. दाखव तो कागद."

त्याने नाइलाजाने खिशातून काढला. नावं मला धड लागत नाहीत, पण आकडे मी कोळून प्यायलेय. आणि एक नाव मी लगेच ओळखलं, कारण त्या महिन्यात गावातल्या प्रत्येक वर्तमानपत्रावर ते होतं. मिनेसोटा, पाच. आपलं अकरा.

मग मला कळलं.

सोळा वर्षं आमच्यासाठी चेंडू फेकलेला, टीमचा सगळा खेळ चालवणारा माणूस. माझ्या तीन नातवंडांच्या पाठीवर त्याचा आकडा होता. तो एक वर्ष न्यूयॉर्कला गेला, ते आम्ही गिळलं. आणि त्या रविवारच्या बारा दिवस आधी तो मिनेसोटाला गेला. शेजाऱ्याकडे! त्यांचा जांभळा सदरा घातला. आमच्या गल्लीत मिनेसोटा हा शब्द बंद झाला होता. ओर्व्हिल तर "नदीपलीकडचे ते" एवढंच म्हणायचा. नॉर्बर्टला खेळ कळतो. मिनेसोटा यंदा आपल्या वर आहे हे त्याला आतून दिसत होतं. पण ते ओर्व्हिलसमोर, बहिणीसमोर, बापाच्या रिकाम्या खुर्चीसमोर स्वतःच्या तोंडाने म्हणायची छाती नव्हती. म्हणून कागदाकडून म्हणवून घेतलं.

मी तो कागद चार घड्या करून माझ्याजवळ ठेवला.

"फळा अंगणात आणा आणि बसा सगळे," मी म्हटलं. "शेवटून. आणि नॉर्बर्ट, त्या खुर्चीत तू बस."

"आई, तिथे नको."

"मग मी चुलीपाशी उभी राहते."

बसला. मी हिरवी-पिवळी त्याच्या मांडीवर टाकली. बाकीच्या माझ्या एप्रनमध्ये. जांभळी सगळ्यात वर.

बत्तिसाव्यावर भांडण झालंच नाही. डेट्रॉईट गेल्या हंगामात सोळापैकी सोळा हरले होते. "त्यांना तेहतिसावा खिळा ठोका," ओर्व्हिल म्हणाला. मग हळूहळू पेटलं. क्लीव्हलँडवरून जिनेट आणि ओर्व्हिल जुंपले. ओर्व्हिलला ऐकू येईना म्हणून जिनेट ओरडायची, आणि ती ओरडते म्हणून हा चिडायचा. पंचविसाव्यावर आवाज इतका चढला की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मला एकदम बरं वाटलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा त्या अंगणात घर असल्यासारखा आवाज झाला.

विसाव्याला ओर्व्हिल म्हणाला, "आता ते नदीपलीकडचे टांग, जर्मेन. विसावा त्यांना बक्कळ आहे."

"एकमत पाहिजे," मी म्हटलं. "नॉर्बर्ट?"

नुसती मान हलवली. नाही.

अठराव्याला पुन्हा विचारलं, पंधराव्यालाही. मान हलायची, नाही. ओर्व्हिलचा दांडा हंड्यात थांबला. "काय रे, आजारी आहेस का?" शिकागो दहाव्याला गेली. वर नऊ खिळे उरले. जांभळी माझ्या मांडीवर, हिरवी-पिवळी त्याच्या. तो पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. आर्मांडही फिरवायचा, तिथली कड गुळगुळीत झालीय.

"आता," नॉर्बर्ट म्हणाला.

गुडघ्यांवर हात रोवून उठला. अगदी तसाच. मी दुसरीकडे बघितलं, धूर डोळ्यांत जात होता. त्याने आपली पट्टी नवव्या खिळ्याला टांगली.

जिनेटने माझ्या एप्रनमधल्या जांभळीकडे बघितलं आणि मग भावाकडे. "दादा, म्हणजे ती आपल्या वर?"

"वर," नॉर्बर्ट म्हणाला. "त्यांचा पळणारा देशात सगळ्यात चांगला. त्यांची पुढची फळी भिंतीसारखी. नुसता फेकणारा कमी होता, तो आता मिळाला. आपलाच मिळाला. मला नाही आवडत, पण दिसतंय ते दिसतंय. पाचव्याला टांगा तिला. आणि ओर्व्हिलकाका, कागद म्हणतो म्हणून नाही, मी म्हणतोय."

ओर्व्हिलला हे सगळं बरोबर ऐकू गेलं. टोपी काढून जमिनीवर आपटली. "आर्मांड असता तर तुला या हंड्यात बुडवला असता!"

"बुडवला असता," नॉर्बर्ट म्हणाला, "आणि मग जांभळी पाचव्यालाच टांगली असती."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि जांभळी पाचव्या खिळ्याला स्वतःच्या हाताने टांगली. हात धुवावेसे वाटले, पण टांगली. उरलेले खिळे भरायला अजून अर्धा तास भांडलो. मग मी तो कागद काढून नॉर्बर्टच्या हातात दिला.

"ऐक. नववा चुकला तुझा. तुझा बाप सहाव्याला उठला असता, आणि सहावाच बरोबर आहे, लिहून ठेव. पण जांभळी बरोबर टांगलीस, आणि ते म्हणायला तुझ्या बापालाही आधी दोन बिअर लागल्या असत्या. हा कागद चुलीत घाल, जाळ उतरलाय. आणि उद्या गाडी घेऊन ये. फळा तुझा."