तिच्या बाजूचा पत्रा

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान नाकाने कांदे सोलतात. आमच्याकडे त्यांना जावईबापू म्हणायची पद्धत वडिलांनी पाडली. वडील मानाने म्हणायचे. ते गेल्यापासून मीही तेच म्हणते, पण मी ते कशाने म्हणते हे गॅरेजातल्या मांजरालाही कळतं. जावईबापूंना कळत नाही. त्यांना अजून वाटतं, मोठ्या मेहुणीवर आपली छाप आहे.

मी डेंटिंग करते. सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, चेपलेला ठोकून सरळ करायचा. गॅरेज वडिलांचं, हात माझे. आई गेली तेव्हा धाकटी बोट धरून चालायच्या वयाची होती. मी तिला ह्याच गॅरेजात टायरच्या ढिगावर बसवून वेण्या घातल्या आणि पाढे शिकवले. तिला ओरखडा उठलेला मला खपत नाही, हे इथेच सांगून टाकते. पुढे मी कुणाला वाईट-साईट बोलले तर ते ह्याच्यामुळे.

तर ह्या जावईबापूंनी एक म्हातारी कॅम्पर व्हॅन आणली. मागे पलंग, शेगडी, एवढंसं बेसिन, खिडक्यांना पडदे. स्वतःची नोकरी सोडली आणि धाकटीलाही सोडायला लावली. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, अगदी जीव ओतून. आता म्हणे वर्षभर घाटांतून फिरायचं आणि फिरताना व्हिडिओ करून लोकांना दाखवायचे. लोकांनी मागितले होते अशातला भाग नाही.

गाडी आणली त्या दिवशी मी खाली वाकून बघितलं होतं. दाराखाली गाडीच्या लांबीभर पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. वडील तिला उंबरा म्हणायचे, म्हणून आम्हीही उंबराच म्हणतो. अशा गाडीचा सगळा जोर ह्या दोन उंबऱ्यांवर असतो, आणि ह्या गाडीत तर पुढच्या दोन्ही सीटचे पट्टेही त्यांनाच आवळलेले होते. दोन्ही उंबरे कुजले होते. नखाने खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे हातात येत होते.

"इथे आणून लावा. मी करून देते," मी म्हणाले.

"ताई, तुमची पद्धत आता जुनी झाली," जावईबापू म्हणाले. "हल्ली सगळं घरबसल्या शिकता येतं."

आणि खरंच, त्यांनी घरबसल्या शिकायला घेतलं. वेल्डिंग मशीन आणलं. अंगणात गाडी लावली. समोर स्टँडवर कॅमेरा ठेवला आणि 'गंजाशी झुंज' नावाची मालिका काढली. मी त्यातला एक भाग बघितला. बराच वेळ ते हातमोजे कसे घालावेत हे सांगत होते. मी बंद केला.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र गाडी माझ्या दारात आली. वरून सायीसारखा, खालून हिरवा, असा झकास रंग मारलेला. मागच्या बाजूला जगाचा नकाशा काढलेला, त्यात दोन समुद्र एकमेकांत मिसळले होते. जावईबापू ऐटीत उतरले. त्यांच्यामागून, त्याच दारातून, धाकटी गियरच्या दांड्यावरून पाय टाकत, साडी सावरत बाहेर आली.

"तू तिकडून का नाही उतरलीस?" मी विचारलं.

"माझं दार उघडत नाही गं. अडकतं."

"किरकोळ आहे," जावईबापू म्हणाले. "रंग जरा जाड बसलाय. ताई, दोन ठोके घाला, मोकळं होईल. आम्हाला अजून सामान भरायचंय."

रंगाने दार अडकत नाही. दार अडकतं ते गाडी खाली बसली की. पण हे त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पत्र्यांची मापं लिहिलेली फळी टांगलेली असते त्याच भिंतीवर माझा लोहचुंबक असतो. तो घेतला आणि आधी चालकाच्या बाजूला गेले.

खोटं कशाला बोलू, मी हिणवायच्या तयारीनेच गेले होते. चुंबक उंबऱ्यावर ठेवला, तो टपकन चिकटला. पुढे सरकवला, तिथेही चिकटला. खाली पाठीवर झोपून बघितलं. कुजलेलं सगळं कापून काढलं होतं, नवा जाड पत्रा घातला होता, आत गंजरोधक रंगसुद्धा मारला होता. पाणी निघून जायला खालची भोकं मोकळी ठेवली होती. वेल्डिंग जरा गाठीगाठीचं होतं, पण पक्कं होतं. पट्ट्याच्या बोल्टमागे त्यांनी जादा पट्टीही जोडली होती. मी असते तर तेच केलं असतं.

"चांगलं केलंयत," मी म्हणाले. म्हणताना दातात खडा आल्यासारखं झालं, पण म्हणाले.

जावईबापू फुलले. "व्हिडिओ बघितला नाहीत वाटतं! ह्याच बाजूचा आहे. लोक वेडे झालेत."

धाकटीही फुलली. नवऱ्याचं माझ्या तोंडून कौतुक तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. बिचारी लगेच म्हणाली, "ताई, हे खरंच खूप राबले गं. मी दिवा धरायचे, पुट्टी कालवून द्यायचे."

"पुट्टी?" मी विचारलं. पुट्टी म्हणजे खळगे बुजवायचा लेप, चुंबक त्याला धरत नाही, आणि ह्या बाजूला मला ती कुठे दिसली नव्हती.

मी दुसऱ्या बाजूला निघाले. तशी जावईबापूंची चाल बदलली. "ताई, तिकडे उंबऱ्याचं काही बघू नका, ते झालंय. फक्त दाराचं बघा." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मी चुंबक तिच्या बाजूच्या उंबऱ्याला लावला. तो खाली पडला. मला वाटलं, माझा हात निसटला. परत लावला, परत पडला. एक वीत पुढे, तिथेही पडला. धाकटीने तो उचलून माझ्या हातात दिला आणि मी तो लावत राहिले, आणि तो त्या सुंदर हिरव्या रंगावरून सरळ जमिनीवर येत राहिला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. इथे तर कथीलही नव्हतं.

मग पहारीने दार उचकटून उघडलं. आत सीटच्या बुडाशी पट्ट्याचा बोल्ट होता, नवाकोरा, चकचकीत.

"ओढ," मी धाकटीला सांगितलं.

"काय?"

"तुझा पट्टा. धर आणि ओढ. जोरात."

"अहो ताई, नवीन रंग आहे," जावईबापू म्हणाले.

धाकटीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पट्टा दोन्ही हातांनी धरला, एक पाय गाडीला लावला आणि ओढला. दुसऱ्यांदा ओढावं लागलं नाही. बोल्ट मुळासकट आला. त्याच्यासोबत पुट्टीचं मोठं ढेकूळ आलं, ओंजळभर गंज आला, आणि भोकातून बोळा केलेला वर्तमानपत्राचा कागद लोंबायला लागला. धाकटी मागे जाऊन टायरच्या ढिगावर आदळली, पण पट्टा तिच्या हातातच होता.

मी कागद ओढत गेले, तो येत गेला. पानंच्या पानं. त्यांत ठिकठिकाणी चौकोनी खिडक्या कापलेल्या. धाकटीने एक पान मांडीवर घेऊन सरळ केलं.

"हे माझे पेपर आहेत," ती म्हणाली. "वर्गासाठी हत्ती आणि उंटांची चित्रं कापली होती त्यातले. तुम्ही रंगाच्या वेळी काचा झाकायला मागितले होते ना?"

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. पण गप्प बसतील तर ते जावईबापू कसले?

"अगं, पत्रा संपला होता."

"उरलेला पत्रा तुम्ही कॅमेऱ्याच्या स्टँडला लावलात," धाकटी म्हणाली. आवाज वाढवला नाही. वर्गात पोरगं खोटं बोललं की तिचा आवाज असाच असतो.

"आणि त्या बाजूला भिंत होती. ग्राइंडर घेऊन बसायला जागाच नव्हती."

"गाडी वळवून लावता आली असती," मी म्हणाले.

"ताई, तुम्हाला व्हिडिओतलं कळत नाही. उजेड माझ्याच बाजूला येतो. दिसते ती तीच बाजू." आणि मग समजूत घातल्यासारखं, बायकोकडे वळून, "आणि मी काय गाडी पळवणार आहे का? सावकाशच जाणार. काही होत नसतं गं."

मला ह्या माणसाचा राग आला असं म्हणणं सौम्य होईल. किळस आली. ज्याला येत नाही त्याला मी कधी हसत नाही. पत्रा जोडता येत नसता, दोन्हीकडे पुट्टी थापली असती, तर मी त्यांना अडाणी म्हटलं असतं आणि दोन्ही बाजू स्वतः करून दिल्या असत्या. पण ह्यांना सगळं येत होतं. पट्ट्यामागे जादा पट्टी लागते हे माहीत होतं. खालची भोकं कशासाठी असतात हे माहीत होतं, आणि तिच्या बाजूची भोकं ह्यांनी पुट्टीने बुजवली होती, म्हणजे उरलासुरला पत्राही पहिल्या पावसाळ्यात आतून गळून पडावा. आपण बसतो तिथे लोखंड आणि बायको बसते तिथे हत्ती-उंट कापलेले कागद. आणि वरची पुट्टी कालवायला, थापायला, पुन्हा तिलाच दिवा धरून उभं केलेलं. मी हातातली पहार खाली ठेवली, कारण ती हातात असणं बरं नव्हतं.

"बोल ना काहीतरी," मी धाकटीला म्हणाले. मला भीती वाटत होती ती एवढ्याचीच. ती नेहमीसारखी हसेल, 'जाऊ दे गं, ह्यांच्या लक्षात नाही आलं' म्हणेल, आणि उद्या सकाळी त्याच सीटवर बसून घाटात जाईल. ह्या बाईने आजवर नवऱ्याचं सगळं असंच पोटात घातलं होतं. मूग गिळून बसायचं मी तिला कधी शिकवलं नव्हतं. ते ती सासरी शिकली.

ती उठली. साडीवरचा गंज झटकला. उखडलेला पट्टा तिने सीटवर नीट घडी करून ठेवला. मग गाडीला वळसा घालून चालकाच्या दारातून आत चढली आणि स्टिअरिंगमागे बसली. आम्ही दोघी वडिलांच्या टेम्पोवर गाडी शिकलेल्या. पण लग्नानंतर तिला कधी किल्ली मिळाली नव्हती. मोठी गाडी म्हणे बायकांना झेपत नाही.

"चला," ती म्हणाली. "चौकापर्यंत जाऊन येऊ. मी चालवते."

"आत्ता? कशाला?" जावईबापू म्हणाले.

"सावकाश चालवेन. काही होत नसतं." तिने शेजारच्या सीटवर थाप मारली. "ये. बस इथे."

ये, बस. मी चमकून बघितलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी नवऱ्यासाठी अहो-जाहोशिवाय काही ऐकलं नव्हतं. जावईबापूंच्याही ते कानात गेलं असावं, कारण ते आधी माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच म्हणाले.

"अगं, पण पट्टा..."

"हातात धरून बस."

ते दारापर्यंत आले. एक हात दारावर ठेवला. आत बघितलं. पायाजवळ, जिथून बोल्ट निघाला होता, तिथे आता खालची फरशी दिसत होती. त्यांनी एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. चौक आमच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर आहे. रस्ता सपाट आहे. समोरून यायला तेव्हा सायकलसुद्धा नव्हती.

धाकटी थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर अजून थोडी आशा होती, हे मी शपथेवर सांगते. तो मेला चढून बसला असता तर तिने सगळं विसरून टाकलं असतं.

"ताई," जावईबापू माझ्याकडे वळून, घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही आधी एवढं वेल्डिंग करून टाका ना. मग बसतो."

मी तोंड उघडलं, पण धाकटीने स्टिअरिंगवरचा हात उचलून मला गप्प केलं. तिने इंजिन चालू केलं. जावईबापू दार सोडून बाजूला झाले. तिने गाडी एकटीने बाहेर काढली, चौकात अलगद वळवली आणि परत आणून, जिथे मी कापाकापी करते त्या जागी, खराब बाजू माझ्याकडे करून लावली. एका दमात, मागेपुढे न करता. वडील असते तर शाबास म्हणाले असते. मी म्हणाले.

ती खाली उतरली, चालकाच्याच दारातून. डोळे कोरडे होते.

"ताई, ही बाजू नीट कापून जोड. आपल्या पद्धतीने. मी थांबते इथे, घाई नाही मला."

"करते."

"आणि ती शेजारची सीट काढून टाक. तिथे मी फळ्या मारून पुस्तकं ठेवीन. वाटेत शाळा लागतील तिथे मुलांना देता येतील."

जावईबापू हसले. म्हणजे त्यांनी हसून बघितलं. आम्ही दोघीही हसत नाही म्हटल्यावर ते तोंड तसंच अर्धवट राहिलं.

"सीट काढल्यावर मी बसू कुठे?"

"ते तुझं तू बघ," धाकटी म्हणाली, आणि सीटचे नट कुठल्या पान्याने खुलतील ते बघायला खाली वाकली.