सावळारामाचं गप्प बसणं

बोरी बुद्रुकच्या सावळारामाचा राग म्हणजे साधी चीज नव्हती. त्यानं मळ्यात शिवी हासडली की पार शेजारच्या आळे गावातली कुत्री भुंकायला लागत. एकदा लाइट नसताना तो विहिरीवरच्या मोटरीवर असा काही ओरडला, की मोटर घाबरून सुरू झाली आणि सगळे वाफे भिजवूनच थांबली. खोटं वाटत असेल तर त्या वाफ्यांतला कांदा ज्यांनी खाल्ला त्यांना विचारा. अजून त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळलेलं नाही.

अशा माणसाच्या घरात पोरगी निपजली ती मुकी. म्हणजे मुकी नव्हेच, आणि हीच सावळारामाच्या रागाला फोडणी होती. प्रतीक्षा आईशी बोलायची. चुलीपाशी बसून कुजबुजायची, गाणीसुद्धा म्हणायची. पण बापाची चप्पल ओट्यावर वाजली की तोंडाला कुलूप. शाळेत तर ती चौथीत आली तरी तिचा आवाज कसा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी हेडमास्तरांनी सावळारामाला बोलावून सांगितलं, "पोरगी लिहिण्यात हुशार आहे, पण तोंडी परीक्षेत भोपळा. मुक्या मुलांच्या शाळेचं बघा काहीतरी."

सावळाराम घरी आला आणि अंगणात उभा राहून गरजला, "मुकी? माजी पोरगी मुकी? ए, बोल! आत्ताच्या आत्ता बोल!"

प्रतीक्षा कणगीमागं शिरली. शेजारच्या सखूबाईच्या कोंबडीनं त्या हादऱ्यानं तीन अंडी एकदम घातली म्हणतात, पण पोरीच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

मग अंगारे झाले, गळ्यात ताईत झाला, बाटलीभर टॉनिक झालं. ज्यानं त्यानं येऊन "बोल की गं" म्हणून पाहिलं. प्रतीक्षाची आई अंजना, तिचा थोरला भाऊ हौशीराम पेठ गावचा. त्यानं निकालच लावला. "होळी झाली की मी न्हेतो तिला. पुण्याला मुक्यांची वसतिगृहाची शाळा हाय, माजी वळख हाय तिथं."

ते ऐकून अंजना ज्याला त्याला इलाज विचारत सुटली. तिला कुणीतरी सांगितलं, की आळेफाट्याला पुण्याची एक डॉक्टरीण महिन्यातनं एकदा येते आणि लहान पोरांच्या मनाचं बघते. ती नवऱ्याला आणि पोरीला घेऊन गेली.

डॉक्टर अश्विनीबाईंनी पोरीपुढं कागद आणि रंग ठेवले आणि बोलल्या मात्र आईबापांशी.

"औषध?" सावळारामानं शेवटी विचारलं.

"औषध नाही."

"निदान इंजेक्शन?"

"तेही नाही."

"आवं बाई, मग डॉक्टर कशाला झाला तुमी?"

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तिला बोलायची भीती वाटते. ‘बोल बोल’ म्हटलं की ती आणखी वाढते. ती भीती हाकलायला जाऊ नका. असू दे. रोज थोडा वेळ तिच्याशेजारी नुसतं बसायचं. आणि तुम्हाला राग आला, की–"

"माजा राग? पेशंट कोन, ती का मी?"

"दोघं."

सावळारामाच्या कपाळावरची शीर अशी फुगली, की बाहेर बसलेल्या बाया दोन पावलं मागं सरल्या.

बाई म्हणाल्या, "हा आत्ताचा राग अंगात कुठं आलाय? मुठीत? पोटात? तेवढं फक्त बघायचं. त्याच्याशी भांडायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. श्वास येतो-जातो, तो बघत बसायचं."

जीपमधून येताना सावळारामानं बाईंचा, त्यांच्या डिग्रीचा आणि पुणे शहराचा उद्धार केला. "श्वास बघा म्हनं! श्वास दिसतो व्हय? फुकट गेला दीस!"

घरी आल्यावर अंजनानं, जिनं लग्न झाल्यापासून आवाज चढवला नव्हता, चुलीत लाकूड सारत सांगितलं, "पोरगी पुण्याला गेली तर मीबी जाते. मग बसा म्हशीवर वरडत."

सावळाराम बसला. दुसरा इलाज नव्हता. रोज दिवस कलला की गोठ्यात पोत्यावर तो आणि शेजारी प्रतीक्षा. श्वास काही त्याला दिसेना, म्हणून तो म्हशीचा रवंथ करणारा जबडा बघायचा. पोरगीही तेच बघायची. पहिल्या दिवशी त्यानं दात असे खाल्ले, की म्हशीनं रवंथ थांबवून त्याच्याकडं पाहिलं. ‘असा रवंथ कोण करतं?’ असा चेहरा होता तिचा.

पण हळूहळू त्याला रागाचा रस्ता कळायला लागला. मानेमागून चढायचा, कानाशी थबकायचा, मग दाढेत उतरायचा. आपल्याच अंगात राहतो आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ता नाही, याचाही त्याला राग आला. आणि एक दिवस दुसरंच दिसलं. आपली दाढ आवळली की शेजारी पोरीचे खांदे कानाला टेकतात. आपण तोंड उघडायच्याही आधी. ते पाहून सावळारामाला जो राग आला, तो कुणावर काढावा हेच त्याला कळेना.

होळी झाली आणि हौशीराम पिशवी घेऊन हजर.

"काय गं पोरी? मिठाची गुळणी धरलीस का?" ओट्यावर बसता बसता त्यानं तिची हनुवटी उचलली. "मामाला राम राम तर म्हन. न्हाई? एक शब्द बोल, न्हाई न्हेत तुला. बोल की! बगा दाजी, म्हनून म्हनतो मी–"

"हौश्या!" सावळाराम उठला. सगळे दिवस कोंडलेलं एकदम बाहेर आलं. "तिला बोल म्हनायचं न्हाई! हात काड!"

"आवाज कुनावर करता? तुमच्याच वरडन्यानं मुकी झाली पोर!"

"माज्या दारात मला शिकवतो व्हय रं?"

"गप बसा!"

आवाज चिरका होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. दोघांनी अंजनाकडं पाहिलं. ती दारात तोंडावर पदर धरून उभी होती.

"दोगंबी गप बसा!" प्रतीक्षाच्या मुठी वळलेल्या होत्या. "मी म्हननार व्हते मामाला राम राम! जुळवत व्हते! तुमी मदीच वरडला, अण्णा! सारखं वरडता! माज्या पोटात दुकतं!"

हौशीराम आधी सावरला. "आरं तिच्या! बापाला उलटून बोलती? दाजी, द्या एक ठेवून!"

राग सावळारामाच्या मानेमागून चढला. कानाशी आला. त्याच्या बापानंही कधी त्याला ‘गप बस’ म्हटलं नव्हतं, आणि ही चौथीतली चिमुरडी पाहुण्यासमोर म्हणते! हात आपोआप वर आला. त्यानं तिच्या खांद्यांकडं पाहिलं. ते कानाकडं चालले होते.

तो खाली बसला. ओट्याच्या कडेला, धपकन. राग उतरला म्हणावं तर मुळीच नाही. दाढेत ठणकत होता. ठणकू दिला.

"दाजी, आवं पोरगी तुमाला–"

"हौशीराम, गप. ती बोलतीया."

सावळारामानं पोरीकडं तोंड वळवून विचारलं, "आनि?"

प्रतीक्षानं बाहीनं नाक पुसलं. "आनि शाळंत आला तवा सगळ्यांम्होरं माजा कान पिळला."

"आनि?"

तिनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं, जणू खरंच ऐकणार आहे का ते तपासत.

"लई हाय," ती म्हणाली. "नीट मांडी घालून बसा."