चौदावा फर्मा

माझी सून धर्मावरच्या नव्या जाडजूड पुस्तकांची परीक्षणं लिहिते. लोकांच्या घरी पाहुणे येतात, आमच्याकडे देव येतात. सगळ्या मुलखांचे, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे चाळीस पानं टिपा. मी चौथीपर्यंत शिकले. पण पुस्तक कसं बनतं ते मला कुणी शिकवू नये. बाइंडिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली आहेत मी. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे लाखो फर्मे या हातांखालून गेले.

त्या दिवशी सकाळी सून टेबलाशी डोकं धरून बसली होती. संध्याकाळी सहापर्यंत परीक्षण पाठवायचं होतं. ते चांगलं उतरलं तर नियतकालिकातला परीक्षणांचा अख्खा विभाग तिच्याकडे येणार, असं संपादकांनी सांगितलं होतं. सात वर्षं ती त्या जागेकडे डोळे लावून फुटकळ लिहीत होती.

"आई, मी ढ आहे हो," ती म्हणाली.

"ते मला लग्नातच कळलं होतं. आज नवीन काय?"

तिने पुस्तक पुढे सरकवलं. माणूस देवासमोर गप्प का होतो, यावर सहाशे पानं! गप्प बसण्यावर एवढं, तर बोलण्यावर या गृहस्थांनी गाडी भरून लिहिलं असतं.

"पाचव्या प्रकरणात प्राध्यापक म्हणतात, माणूस भीतीने गप्प होतो. तीस वर्षं ते हेच सांगत आलेत. आणि समोरच्या पानावर एकदम म्हणतात, माणूस ऐकायला म्हणून गप्प होतो! मधलं कारणच नाही. तीन मोठ्या लोकांनी इतर ठिकाणच्या परीक्षणांत लिहिलंय, ही धाडसी झेप आहे म्हणून. त्यात आपले संपादकही आले. मलाच ती झेप दिसत नाही."

"मग तू काय लिहिणार?"

"धाडसी झेप," ती खाली बघत म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळलं नाही की थोर म्हणायचं, ही कुठली विद्या? "आण तो ठोकळा इकडे!"

मी पुस्तक उभं धरलं, वरच्या कडेने घड्यांवर अंगठा फिरवला. मग पान उघडलं. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो आमच्यासाठी. वाचणारे तिकडे ढुंकून बघत नाहीत. बारा. तेरा. पंधरा.

"अगं ए शहाणे, चौदावा फर्मा कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोळा पानं शिवलीच नाहीत कुणी! डावीकडे पान कितवं?"

"दोनशे आठ."

"आणि उजवीकडे?"

ती बघतच राहिली. "दोनशे... पंचवीस." मग तिने स्वतःची टिपणवही उघडली. तिथे तिच्याच अक्षरात दोनशे आठ आणि खाली दोनशे पंचवीस लिहिलेलं होतं! हसावं की रडावं हे दोघींनाही कळेना.

प्रकाशकाकडून तिने प्राध्यापकांचा नंबर मिळवला. मी म्हटलं, आवाज मोठा कर, मलाही ऐकायचंय.

सगळं ऐकून म्हातारा आधी गप्पच झाला. भीतीने की ऐकायला, देव जाणे. मग म्हणाला, "त्याच पानांत मी कबूल केलंय, की मी तीस वर्षं चुकलो. फक्त पुरोहितांचे ग्रंथ वाचले. प्रार्थनेला येणाऱ्या साध्या माणसांना कधी विचारलंच नाही. तिन्ही परीक्षणांत त्यावर एक अक्षर नाही. मला वाटलं, लोक माझी लाज झाकताहेत. आत्ता पाठवतो पानं!"

दहा मिनिटांत पानं आली. तिने ती उभ्यानेच मला वाचून दाखवली, आणि मला, चौथी पास बाईला, अक्षर न् अक्षर कळलं. कळणारच! माणसाने चूक कबूल केली की भाषा आपोआप सोपी होते.

दुपारभर ती लिहीत होती. जेवण टेबलावर गार झालं. मी पहिल्यांदाच ओरडले नाही. साडेपाचला तिचा हात थांबला.

"आई, चौदावा फर्मा माझ्या प्रतीत नव्हता, असं लिहिलंय. आणि त्याच झेपेचं तिघांनी कौतुक केलं, हेही. पण त्यातले एक संपादक आहेत. हे पाठवलं तर ती जागा गेली."

"नावं घातलीस?"

"नाही."

"मग पाठव. ज्याची टोपी त्याला बरोबर बसते. आणि खोटं लिहून मिळालेल्या खुर्चीत तू बसशील? मला पाहवणार नाही."

तिने डोळे मिटून बटण दाबलं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. संपादक. तिच्या हातातून फोन दोनदा निसटला. शेवटी मीच उचलला, आवाज मोठा केला आणि तिच्यापुढे धरला.

"माझी प्रत काढून बघितली," ते म्हणत होते. "माझ्यातही नाही. बाकी दोघांनाही विचारलं, त्यांच्यातही नाही. तुमचं परीक्षण जसंच्या तसं छापतो, आणि खाली माझ्या सहीने माझी चूक. विभाग तुमचा. नऊ नवी पुस्तकं आली आहेत, उद्या सकाळी घेऊन जा."

पोरीने फोन ठेवला, मला कमरेला धरलं आणि स्वयंपाकघरभर गरागरा फिरवलं. "अगं गुडघे माझे! सोड, मेले!" मी ओरडत होते. पण सोडलं असतं, तर मीच तिला धरलं असतं.